पाहुणे हौदात आहेत

तिला सगळे खात्रीबाई म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण पगारच महिनोन् महिने येत नसल्यानं ते नाव वापरायची वेळ कोणावर येत नव्हती. दुकानदार म्हणाला मीठ कोरडं आहे, तरी ही पुडी दाबून बघणार. नवरा म्हणाला कडी लावली, तरी ही अंथरुणातून उठून कडी ओढून येणार. 'खात्री करून घेते' हे तिचं पालुपद. नवरा शिंपी, आणि जिभेनं भलताच सैल. गिऱ्हाइकांना सांगायचा, "लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ते याच माणसाशी झालंय, अशी हिची अजून खात्री पटलेली नाही."

घरात हा स्वभाव म्हणजे डोक्याला ताप होता. कामावर मात्र त्याच्याच जिवावर सगळं चाललं होतं. खात्रीबाई मत्स्य संशोधन केंद्रात टाक्या सांभाळायची. इमारतीच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली, भिंतीला लागून काचेच्या टाक्या, प्रत्येक टाकीत हवा सोडणारी रबरी नळी, आणि अष्टौप्रहर पंपाची घरघर. ती घरघर जरा बदलली की खात्रीबाईचा हातातला घास हातातच राहायचा. पाण्याचा वास घ्यायची, बोट बुडवून बघायची, आणि काच पुसायच्या निमित्तानं एकेका माशाची विचारपूस करायची.

मासा दिसायला काही खास नव्हता. बोटाएवढा, मातकट, बाजारात फुकट दिला तरी कोणी उचलणार नाही असा. पण तो गावाच्या वरच्या तळ्यातला होता आणि जगात दुसरीकडे कुठेही नव्हता. मच्छीमार त्याला मुकी म्हणत. कारण मादी अंडी घातली की ती तोंडात घेते, पिल्लं तोंडातच वाढवते, आणि तोवर खात नाही की तोंड उघडत नाही. तिला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे भीती. दार आपटलं, अनोळखी सावली काचेवर पडली, की घाबरलेली मुकी स्वतःचीच पिल्लं गिळून टाकते. म्हणून त्या खोलीत खात्रीबाईशिवाय कोणी पाऊल टाकायचं नाही असा नियम होता, आणि तो नियम खात्रीबाईला मनापासून आवडत होता.

तळ्याची कहाणी सांगायची तर सरकारांची सांगावी लागते, आणि सरकारांचं तर नुसतं पेव फुटलं होतं. पहिल्यानं तळं राखीव केलं, रक्षक नेमले. दुसऱ्यानं, पहिल्यानं केलं ते सगळं वाईटच असणार म्हणून, रक्षकांना घरी पाठवलं आणि तळं मोकळं करून टाकलं. मच्छीमार काही दुष्ट नव्हते. पण हे राज्य टिकत नाही, उद्या पुन्हा बंदी येणार, हे त्यांनाही कळत होतं. तेव्हा आज मिळतंय ते ओरपून घ्या असा हिशेब त्यांनी केला. मग मधे काही महिने कोणाचंच राज्य नव्हतं. त्या दिवसांत कोणीतरी पाण्यात सुरुंगाची दारू टाकून मासे मारले. दरवर्षी केंद्राची माणसं होडीतून जाळं टाकून मोजणी करायची. पण रस्त्यावर नाके बसले, होडी एका गटानं उचलून नेली आणि मोजणी बंद पडली. परदेशी विद्यापीठाची मदत यायची, तीही 'परिस्थिती निवळली की बघू' म्हणत थांबली. तेव्हापासून तळ्यात मुकी उरली आहे की संपली, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. खात्रीबाईला याचाच सगळ्यात जास्त जाच व्हायचा. मेलेल्यासाठी रडून मोकळं होता येतं, पण मेलं की जगलं हेच माहीत नसलं तर माणसानं करावं काय?

या धामधुमीत भरभराट झाली ती दोघांचीच. एक पाट्या रंगवणारा, कारण दर सरकारागणिक केंद्राचं नाव बदलायचं. दुसरा खात्रीबाईचा नवरा, कारण शिपायांच्या गणवेशांवरचे जुने बिल्ले उसवून नवे शिवायचं काम त्याच्याकडे यायचं. जुने बिल्ले तो फेकत नसे. "डब्यात राहू देत," म्हणायचा, "फिरून त्यांचाच नंबर लागायचा."

केंद्रात या माशासाठी जन्म वेचला तो डॉक्टरीणबाईंनी. त्या डॉक्टर माणसांच्या नव्हत्या, माशांच्या. तळ्यातल्या सुरुंगांबद्दल त्या जाहीर बोलल्या आणि तिसऱ्या सरकारनं त्यांना परकीयांच्या हस्तक ठरवलं. पकडायला माणसं येण्याआधी त्या सीमेपलीकडे निसटल्या. जाताना खात्रीबाईचा हात धरून म्हणाल्या, "तळ्यात आहेत की नाहीत, देव जाणे. या टाक्यांतले गेले तर जात संपली, असंच धरा."

मग दर आठवड्याला शिंप्याच्या दुकानात त्यांचा फोन यायला लागला. फोन ऐकले जातात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून फोनवर मासा हा शब्दच काढायचा नाही असं ठरलं. त्याऐवजी काय म्हणायचं, ते खात्रीबाईनंच सुचवलं. पाहुणे. पाहुणे काय, घरोघरी येतात. त्यात कोणाला कसला संशय येणार?

"पाहुणे जेवतात ना?" डॉक्टरीणबाई विचारायच्या. खात्रीबाई सांगायची की जेवतात, दोघींना दिवस गेलेत. हवा मिळते का? मिळते, पण वीज गेली की जीव घाबरा होतो त्यांचा. त्यांना अंधारातच ठेवा, कोणाच्या नजरेस पडू देऊ नका, सामान संपत आलं की सांगा, माणसाबरोबर पाठवते. सामान म्हणजे माशांचं खाणं. नवरा मान खाली घालून मशीन चालवत हे ऐकायचा. एकदा म्हणाला, "हे ऐकून मलाच उठून पोलिसांत जावंसं वाटतंय." खात्रीबाईला हा विनोद अजिबात आवडला नाही.

तिसऱ्या सरकारनं केंद्रावर एक निरीक्षक आणून बसवला. काम काय ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलेलं दिसत नव्हतं. सरकारचा जावई, दुसरं काय. तेच नाव त्याला चिकटलं. चाळिशीचा, किडकिडीत, बोलायला कमी. आपल्या खुर्चीत बसून दुपारचा डबा एकटा खायचा आणि मग व्हरांड्यात फेऱ्या मारायचा. त्या फेऱ्या नेमक्या मागच्या खोलीपाशी रेंगाळायच्या, हे खात्रीबाईनं पहिल्या आठवड्यातच हेरलं. विचारायचाही विचित्र. वीज गेली तर यांचं काय होतं? डॉक्टरीणबाईंची काही खबर? तुम्ही सुट्टीच्या दिवशीही येता, ते का? दुसरा कोणी असता तर ती म्हणाली असती, बिचाऱ्याला कंटाळा आलाय. पण याला वर कोणाला तरी काहीतरी सांगावं लागत असणार, नाहीतर फुकट का पोसतील?

तिनं नवऱ्याच्या दुकानातून काळा दोरा आणला आणि रोज घरी जाताना खोलीच्या कडीला दिसेल न दिसेल असा बांधून ठेवू लागली. एका सुट्टीला ती सकाळीच टाक्या बघून गेली, आणि दुसऱ्या दिवशी दोरा तुटलेला मिळाला. आत सगळं जागच्या जागी होतं, पंप चालू होता. पण तुटलेला दोरा काही खोटं बोलत नाही. जावई आत गेला होता.

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "सगळे पाहुणे एका घरात नकोत. निम्मे हलवा." खात्रीबाईची नणंद गावाच्या टोकाला राहत होती. अंगणात झाडाखाली सिमेंटचा जुना हौद, पाणी गार, येणंजाणं नाही. वन्संना फार समजवावं लागलं नाही. फक्त बजावलं की कोणी विचारलं तर पाहुणे म्हणायचं, दुसरा शब्द नाही. पाणी भरायच्या पिंपांतून मासे गेले. केंद्रात उरले त्यांतल्या तोंडात पिल्लं असलेल्या माद्या खात्रीबाईनं अगदी कोपऱ्यातल्या टाकीत ठेवल्या आणि तिच्यावर काळं फडकं टाकलं. जावयानं ते पाहिलं आणि दारातूनच विचारलं, त्या टाकीत काय आहे.

"काही नाही साहेब. रिकामी आहे. पाणी नासलंय, हात लावला तर खरूज उठते."

तो बरं म्हणाला. जाता जाता म्हणाला, की सरकारी विश्रामगृहात त्याची खोली आहे, तिथली वीज सहसा जात नाही. एखादी टाकी तिकडे ठेवायची असेल तर सांगा. खात्रीबाईनं मनात हात जोडले. मांजरानं म्हणे दूध सांभाळायला तयार व्हावं.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी ती खाणं घेऊन वन्संकडे निघाली, तर गल्लीत पोलिसांची गाडी. अंगणात पाच-सहा शिपाई, घरातली पेटी उलटी, अंथरुणं बाहेर. मधोमध ठाणेदार. हा ठाणेदार तिन्ही सरकारांत होता; खांद्यावरचा बिल्ला तेवढा बदलायचा, आणि तो शिवणाऱ्याचे टाके खात्रीबाई लांबून ओळखायची. तो वन्संना विचारत होता, पाहुणे कुठे आहेत?

वन्सं जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या आणि त्या वयात शिकणार नव्हत्या.

"हौदात," त्या म्हणाल्या.

ठाणेदारानं टोपी सारखी केली आणि आवाज खाली आणून विचारलं, "जिवंत आहेत?"

"सकाळी तरी होते. रोज वहिनी येऊन बघून जातात."

दोघं शिपाई हौदावर वाकले. हिरव्या पाण्यात काही दिसेना. एकानं बाही वर करून हात घातला आणि तळाचं बूच ओढलं. खात्रीबाई ओरडत धावली, पण पाणी तिच्या आधी धावलं. हौदातून अंगणात, अंगणातून गटारात. मातीवर मासे तडफडत होते आणि शिपायांचे बूट त्यांच्यातून फिरत होते, माणसं शोधत. ती गुडघ्यांवर बसून ओंजळीनं उचलायला लागली. एक मादी तिच्या तळहातावर आली, तोंड उघडलं आणि आतली पिल्लं राळ्याच्या दाण्यांसारखी बोटांमधून गळून गेली. ठाणेदार विचारत होता, बाकीचे कुठे पळवले. खात्रीबाईला रडू आवरेना, आणि रडता रडता डोक्यात एकच येत होतं. जावई. त्यानंच सांगितलं.

तिला ठाण्यावर नेलं. "आता आमचा पाहुणचार घ्या," गाडीत बसवताना एक शिपाई म्हणाला आणि बाकीचे हसले.

ठाणेदारासमोर तिच्या फोनवरच्या बोलण्याचे कागद होते. तो वाचत गेला. दोघींना दिवस गेलेत, कोणाला? अंधारात ठेवलंय, कुठे? सामान कोण आणतं? आणि तिचं प्रत्येक उत्तर मासा, मासा, मासा. संध्याकाळभर त्याला वाटत राहिलं की बाई पक्की आहे. सकाळी त्यानं तळ्यावरच्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराला बोलावून विचारलं, तोंडात पिल्लं ठेवणारा मासा असतो का. म्हातारा म्हणाला, होता. तेव्हा कुठे ठाणेदारानं कागद बाजूला सारले.

"जावयानं सांगितलं ना तुम्हाला?" खात्रीबाईनं विचारलं.

"कोण जावई? फोन ऐकतो आमचा माणूस. महिनाभर ऐकत होता, बिचाऱ्याची झोप उडाली." मग तो जरा चिडूनच म्हणाला, "मासे म्हणायचं होतं ना, बाई. सरळ मासे. मासे ऐकायला इथे वेळ कोणाला आहे?"

हे वाक्य तिला थपडेसारखं लागलं. एवढी काळजी घेतली, एवढं जपलं, आणि शब्द तिनंच निवडलेला. भ्यालेली मुकी काय करते हे तिच्याएवढं कोणाला ठाऊक होतं? तरी तिनं तेच केलं.

सुटली तेव्हा दुपार झाली होती. रस्त्यातच कळलं की काल ती गेल्यापासून गावात वीज नाही. ती केंद्राकडे पळत सुटली. आशा अशी उरली नव्हती; मेलेले तरी डोळ्यांनी बघावेत, एवढंच. खोलीची कडी उघडी होती. पंप मुका. पुढच्या टाक्यांत मासे पोटं वर करून तरंगत होते. आणि कोपऱ्यात, काळं फडकं बाजूला करून, स्टुलावर जावई बसला होता. बाह्या वर, सदरा छातीपर्यंत ओला. हातात पाणी प्यायचा मग. टाकीतलं पाणी मगात घ्यायचा, हात उंच करून हळूहळू परत टाकीत सोडायचा. हवा मिसळायला. पुन्हा मग भरायचा. मनगट सुजलं होतं.

ती दारातच खिळली. त्यानं मान वळवली, पण हात थांबवला नाही.

"सगळ्या टाक्यांना पुरं पडेना," तो म्हणाला. "म्हटलं, ही एक तरी."

"ही रिकामी आहे म्हणून सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंत. पण रिकाम्या टाकीला रोज खाणं कोण घालतं, बाई?"

तिनं पुढे होऊन त्याच्या हातातून मग घेतला. आभाराचा शब्द तोंडापर्यंत आला होता, पण आधी तिनं वाकून पाण्याचा वास घेतला. पाणी ठीक होतं. काही माद्यांचे गळे सपाट झाले होते. त्यांनी पिल्लं गिळली होती. दोघींचे अजून फुगलेले होते. मग तिनं विचारलं, की दोरा तुटला त्या सुट्टीला तो आत आला होता का. त्यानं हो म्हटलं. वीज जाऊन आली होती आणि पंप आपोआप सुरू होत नाही, हे त्यानं व्हरांड्यातल्या फेऱ्यांमध्ये ऐकून ओळखलं होतं. बटण दाबून बाहेर पडला, एवढंच. दोरा होता हे त्याला आत्ता कळत होतं.

म्हणून खात्रीबाईचा संशय गेला असं कोणी समजू नये. इतक्या वर्षांची खोड एका मगानं जात नाही. पुढे कितीतरी दिवस ती त्याच्याकडे तिरक्या नजरेनं बघायची आणि विचार करायची, याला आपला विश्वास हवाय तो कशासाठी? पण वीज गेली की आता दोन मग चालायचे, आणि त्यांतला एक त्याचा असायचा.

मग तिसरं सरकारही पडलं. पाट्या रंगवणारा शिडी घेऊन हजर झाला. शिंप्यानं डबा उघडला, आणि खरंच पहिल्या सरकारचे बिल्ले पुन्हा कामाला आले. गावात माणसं घोळक्यानं फिरायला लागली, सरकारच्या जावयांना शोधत. विश्रामगृह त्यांनी सकाळीच पेटवलं. खात्रीबाई टाक्यांचं पाणी बदलत होती, तेव्हा जावई खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. पायात एकच चप्पल. आत ये असं ती म्हणेपर्यंत पाऊलही टाकलं नाही, कारण त्या खोलीचा नियम त्याला माहीत होता.

तिच्या मनात नको नको ते आलं. हा डाव असेल तर? याच्या मागोमाग माणसं आली तर टाक्या फुटतील, आणि या वेळी दुसरीकडे लपवलेला एकही मासा नाही. दोन फुगलेल्या गळ्यांकडे तिनं एकदा बघितलं. मग दार पूर्ण उघडलं, कोपऱ्यातल्या टाकीमागे भिंतीलगत जी जागा होती तिथे त्याला बसवलं आणि काळं फडकं टाकीवरून खालपर्यंत ओढलं.

ठाणेदार दुपारनंतर आला. तोच, नव्या म्हणजे जुन्या बिल्ल्यासह. उंबऱ्यावर थांबून त्यानं खोलीभर नजर फिरवली.

"काय बाई, कोणी पाहुणे?"

"पाहुणे आता ठेवत नाही, साहेब," खात्रीबाई काच पुसत म्हणाली. "नुसते मासे आहेत."

ठाणेदारानं जांभई दिली आणि दार ओढून घेऊन निघून गेला.

त्या आठवड्याचा फोन आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नेहमीसारखंच विचारलं, की पाहुणे कसे आहेत.

"तो शब्द आता नको," खात्रीबाई म्हणाली. "मासेच म्हणायचं. ते कोणी ऐकत नाही." मग तिनं सांगितलं, की दोघींची पिल्लं बाहेर पडली, पोहायला लागली. आणि एक नवा आलाय. मोठा आहे. टाकीमागे ठेवलाय, घाबरलेला आहे, पण खातोय.

मग डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "कुठल्या जातीचा आहे?"

"ते अजून कळलेलं नाही," खात्रीबाई म्हणाली. "खात्री करून घेते."

तिनं फोन ठेवला, आणि नवऱ्याला सांगितलं की उद्यापासून डबा जरा मोठा लागेल.